नऊ पानांचा सीव्ही आणि सातव्या पानावरचे 40 ग्रॅम

सकाळी मैत्रिणीने तिच्या भाचीचा सीव्ही पाठवला. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी, पेपर चांगले, आणि तरी कंपन्यांकडून फोन म्हणून येत नाही. "जरा नजर टाकशील का?"

टाकली. नऊ पानं. पहिल्यावर फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि साडेतीन ओळींचं थीसिसचं शीर्षक. मग पेपर, प्रत्येकापुढे इम्पॅक्ट फॅक्टर (त्या जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा). मग पोस्टरं. आणि सातव्या पानावर, 'इतर जबाबदाऱ्या' या मथळ्याखाली, केमिकल्सच्या ऑर्डरी आणि ज्युनिअर मुलांना शिकवणं यांच्या मधोमध एक ओळ: इंटरमीडिएट 40 ग्रॅमवर केलं, कॉलम न लावता, क्रिस्टलायझेशनने शुद्ध करून. (इंटरमीडिएट म्हणजे शेवटच्या पदार्थाकडे जाताना मधे बनणारं संयुग. कॉलम म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून सॉल्व्हंट सोडत माल वेगळा करणं; क्रिस्टलायझेशन म्हणजे स्फटिक पाडून.)

डोकं फिरलं माझं. अगं, प्रोसेस आर अँड डीवाला, म्हणजे लॅबमधली पद्धत कारखान्यात चालेल अशी करणारा माणूस, हीच ओळ शोधत असतो! लॅबमध्ये दोनशे मिलिग्रॅमला कॉलम लावणं ठीक. एक किलो माल कॉलमवर शुद्ध करायचा तर तीस-पन्नास किलो सिलिका आणि शेकड्यांनी लिटर सॉल्व्हंट लागतो. प्लांटमध्ये ते कोण करणार? ज्याने कॉलम टाळला त्याला प्लांटचा विचार करता येतो, इतकं सरळ आहे. आणि ते सातव्या पानावर, जिथवर कोणी पोचतच नाही.

राग मुलीवर नाही, गाइड लोकांवर आहे. पाच-सहा वर्षं मुलं राबवून घेता, पेपरचा क्रम कोणाचा यावर महिना घालवता, आणि जाताना कोणी सांगत नाही की इंडस्ट्रीत इम्पॅक्ट फॅक्टर कोणी विचारत नाही. पेपर एका ओळीत: एकूण किती, त्यातले फर्स्ट ऑथर किती, खाली कामाशी जुळणारे दोन. पोस्टरं काढून टाका. फोटो, वडिलांचं नाव, खालचं 'वरील माहिती सत्य आहे' हेही काढा. दोन पानं, संपलं.

पीएचडी फक्त शिक्षणाच्या रकान्यात टाकू नका. पीएचडी करताना जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) दरमहा 37,000 रुपये आणि एसआरएफला (सीनिअर) 42,000 मिळतात ना? मग ते काम आहे, अनुभवात लिहा, महिना-वर्ष घालून. (काही एचआरवाले तो अनुभव मोजत नाहीत. मान्य. तरीही लिहा.)

आता ओळी कशा लिहायच्या. तिच्या सीव्हीत होतं, "अमुक नॅचरल प्रॉडक्टच्या टोटल सिंथेसिसवर काम केलं", म्हणजे निसर्गात मिळणारं संयुग लॅबमध्ये साध्या रसायनांपासून बनवणं. काम केलं म्हणजे काय केलं? फोन करून खोदून विचारलं तेव्हा निघालं: नऊ स्टेप्सचा रूट सहावर आणला, ओव्हरऑल यील्ड (शेवटी हाती येणारा माल) 11 टक्क्यांवरून 24 वर गेलं, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं तंत्र) प्युरिटी 99 टक्क्यांच्या वर. हे लिही ना! आधी क्रियापद, मग काय, किती प्रमाणावर, आणि त्याने काय बदललं. उणे 78 अंश सेल्सिअसला चालणारी ब्युटिललिथियमची रिअॅक्शन उणे 20 ला आणली असेल तर ती ओळ सोन्याची आहे, कारण तितकं थंड करणारे रिअॅक्टर सगळ्यांकडे नसतात. डायक्लोरोमिथेन हा सॉल्व्हंट काढून इथाइल अॅसिटेट आणलं असेल तर तेही. आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष) मर्यादेत औषधात उरलेल्या पहिल्याला 600 पीपीएम (दहा लाखांत 600 भाग), दुसऱ्याला 5000. शेवटी पॅलॅडियम (रिअॅक्शन घडवायला वापरलेला, पण मालात उरू नये असा धातू) किती पीपीएमवर उतरवलं, हेही लिहायचं.

पण एकच कागद सगळीकडे धाडू नका. हिंजवडी असो, हैदराबाद असो की बंगळूर, जाहिरातीचा विभाग बघा. डिस्कव्हरीला, म्हणजे नवं औषध शोधणाऱ्या विभागाला, किती कंपाउंड्स केले, किती वेगवेगळ्या केमिस्ट्रीवर हात बसला, लिटरेचर सर्च कसा करता हे हवं. तिथे उणे 78 चालतं, कॉलमही चालतो. प्रोसेसला स्केल, सॉल्व्हंट, उष्णता किती सुटते, इम्प्युरिटी कुठून येते. अॅनालिटिकलला, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाला, 'एचपीएलसी येतं' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. मेथड स्वतः डेव्हलप केली की दुसऱ्याने लावलेल्या मेथडवर सँपल टाकलं? एचपीएलसीचा कॉलम (हा वेगळा, तपासणीचा) कोणता, सॉफ्टवेअर एम्पॉवर की क्रोमेलिऑन? रन टाइम किती खाली आला? आणि जीएमपीत (औषधनिर्मितीच्या गुणवत्ता-नियमांखाली) काम केलेलं नसताना 'व्हॅलिडेशन', म्हणजे मेथड विश्वासार्ह असल्याचं रीतसर सिद्ध करणं, लिहू नका. लिनिअॅरिटी (प्रमाण वाढेल तसा सिग्नल त्याच पटीत वाढतो का) आणि एलओक्यू (नीट मोजता येईल असं किमान प्रमाण) पाहिलं असेल तर तेवढंच लिहा. मुलाखतीत दोन प्रश्नांत पितळ उघडं पडतं.

तिच्या सीव्हीत दोन रकाने होते, आणि मध्ये केमड्रॉच्या (रेणूंची रचना काढायचं सॉफ्टवेअर) स्कीमचं चित्र. दिसायला सुरेख. पण अर्ज वाचणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरना चित्र वाचता येत नाही आणि दोन रकान्यांची खिचडी होते. एकच रकाना, साधा मजकूर. जाहिरातीत 'इम्प्युरिटी प्रोफाइलिंग' असेल आणि तुम्ही ते केलं असेल, तर तोच शब्द वापरा.

कंपन्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, 'पीएचडी चालेल, पण दोन वर्षं इंडस्ट्रीचा अनुभव हवा' असं लिहिणारे तेच. आणि चांगला रेझ्युमे म्हणजे नोकरी नव्हे, हेही खरंच. पण जे हातात आहे ते तरी करा.

तिचं काम खरंच चांगलं आहे हो. वाचताना जाणवत होतं, बाई प्रत्येक स्टेपला का, असं विचारणारी आहे. 40 ग्रॅमची ओळ आता पहिल्या पानावर, नावाखालच्या तीन ओळींतली पहिली. स्पॉन्सर्ड, म्हणजे दुसऱ्याच्या पैशावरच्या प्रोजेक्टमधलं रेणूचं स्ट्रक्चर गोपनीय असू शकतं म्हणून काढून टाकायला सांगितलंय, कंपाउंडचा वर्ग पुरे. थीसिस कधी सबमिट केला आणि व्हायव्हा बाकी आहे का, तेही तारखेसकट लिही म्हटलं. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात नसेल तर एचआर ऑफरच्या वेळी अडवतं, आणि तेव्हा सांगत बसण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.