‘१० एमएम म्हणजे खेळणं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

एल्कच्या (मोठ्या अमेरिकी हरणाच्या) शिकारीत अस्वलापासून बचावासाठी छातीवरच्या होल्स्टरमध्ये १० एमएम काडतुसांचं ग्लॉक २० पिस्तूल बाळगा, असं मी सुचवलं होतं. त्यावर ‘वजनच वाचवायचं तर ३२९ पीडी घ्या, ४४ मॅग्नमपुढे तुमचं १० एमएम म्हणजे खेळणं. घरात बसून लिहिणाऱ्यांनी लोकांचे जीव धोक्यात घालू नयेत,’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेदाचं मला वाईट वाटत नाही. पण मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहतो आणि सप्टेंबरात एल्कच्या मागे एकटाच डोंगरात असतो. ‘घरात बसून’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ही भाषा मला अजिबात पटलेली नाही.

आता ३२९ पीडी, म्हणजे ४४ मॅग्नम ही ताकदवान काडतुसं झाडणारं स्मिथ अँड वेसनचं हलकं रिव्हॉल्व्हर. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची फ्रेम, टायटॅनियमचा सिलिंडर, रिकामं वजन साधारण ७१० ग्रॅम. भरलेलं ग्लॉक २० अकराशे ग्रॅमच्या आसपास जातं. आकडा तुमच्या बाजूने आहे, मान्य. पण एवढ्या हलक्या रिव्हॉल्व्हरमधून ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅमची) पूर्ण ताकदीची गोळी झाडली की नळी थेट वर उडते आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम परत जुळवण्यात वेळ जातो. ग्रिझली, म्हणजे इथलं मोठं तपकिरी अस्वल, सेकंदाला सुमारे १५ मीटर धावतं. ते ३० मीटरवरून निघालं तर हातात दोन सेकंद, त्यातला बराचसा वेळ होल्स्टरमधून हत्यार काढण्यातच संपतो.

याहून वाईट गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे झटकतं, पण सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या जड गोळ्या जागीच राहू पाहतात, म्हणजे पितळी केसमधून पुढे सरकतात. एखादीचं टोक सिलिंडरबाहेर आलं की फ्रेमला अडकतं. मग सिलिंडर फिरत नाही, ट्रिगर कितीही ओढा. म्हणून नेमबाजीच्या रेंजवर सहा काडतुसं भरायची, सर्वांत शेवटी येणाऱ्याची लांबी आधी व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवायची, पाच झाडायची आणि ते सहावं काढून परत मोजायचं. लांबी वाढली असेल तर त्या प्रकारची काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. तुम्ही हे कधी केलंय? केलं असतंत तर ‘घ्या’ इतक्या सहज लिहिलं नसतंत.

१० एमएममध्ये २०० ते २२० ग्रेनची कडक शिशाची गोळी खोल जाते, मॅगझिनमध्ये पंधरा असतात आणि नेम लवकर परत येतो. ग्लॉकची कंपनी उघड्या शिशाची गोळी वापरू नका म्हणते, तेव्हा लेप दिलेली किंवा निखळ तांब्याची घ्या.

एक मुद्दा तुमचा बरोबर आहे. अस्वल अंगावर आलं आणि नळी त्याच्या अंगात रुतली, तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) थोडी मागे ढकलली जाऊन पिस्तुलातून गोळी सुटत नाही. रिव्हॉल्व्हरमधून सुटते. पण तिथवर येण्याआधी दोन-तीन नेमक्या गोळ्या लागाव्यात, यासाठीच ही सारी निवड आहे. आता हत्यार ठेवायचं कुठे ते. एल्क सोलताना दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले असतात आणि रायफल झाडाला टेकलेली असते. सॅक उतरवलेली असते, म्हणून सॅकला बांधलेलं हत्यारही कामाचं नाही. आणि सॅक पाठीवर असताना तिचा कंबरपट्टा कमरेच्या होल्स्टरवर बसतो. छातीवरचं होल्स्टर दोन्ही वेळी हाताशी राहतं.

अस्वलावर मारायचा तिखट ‘स्प्रे पर्यटकांसाठी’ या तुमच्या वाक्यावर मी वेळ घालवत नाही. स्प्रे पट्ट्यावर हवाच.

‘व्हिसावरच्या भारतीयांना बंदूक बाळगताच येत नाही’ हे तुमचं म्हणणंही चूक. अमेरिकेत रीतसर मिळालेला, चालू शिकार परवाना असेल तर संघीय कायद्यात त्यांना सूट आहे. राज्याचे नियम वेगळे, ते त्या त्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडून तपासा.