शाकाहारी? बरं, मग नेमकं काय चालत नाही?

मागच्या महिन्यात आमच्याकडे आठ जण जेवायला होते. त्यातले चौघं शाकाहारी. म्हटलं, निम्मं काम सोपं झालं! जेवण निर्विघ्न पार पडलं आणि शेवटी केक आला, तिथे घोळ झाला. एकाने मजेत खाल्ला. एकीला दूध-लोणी चालतं, अंडं चालत नाही. तिसऱ्याला अंडं चालतं, पण वरचे मार्शमेलो त्याने चिमटीने उचलून बशीच्या कडेला ओळीने मांडले, कारण त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं. आणि माझी भाची म्हणाली, "मावशी, मी मधसुद्धा खात नाही गं." चार शाकाहारी, एक केक आणि चार निरनिराळे निकाल.

तेव्हापासून "तुम्ही शाकाहारी ना?" हे विचारणं मी सोडलंय. त्या एका शब्दावरून स्वयंपाक ठरवता येत नाही.

गंमत म्हणजे हा गोंधळ 'व्हेजिटेरियन' या शब्दाइतकाच जुना आहे. इंग्लंडात रॅम्सगेटला १८४७ मध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली. त्याआधी युरोपात मांस न खाणाऱ्याला 'पायथागोरियन' म्हणायचे, त्या काटकोन त्रिकोणवाल्या पायथागोरसवरून. सोसायटी निघाली, पण दूध-अंड्याचं काय हा वाद काही मिटला नाही. शेवटी १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी वेगळी चूल मांडली. व्हेजिटेरियन या इंग्रजी शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून त्यांनी 'व्हीगन' हा शब्द केला. मधलं सगळं गाळलं, दुधासकट.

प्रकारांची नावं भारदस्त आहेत, प्रकरण साधं आहे. 'लॅक्टो' म्हणजे दूध, 'ओव्हो' म्हणजे अंडं. दोन्ही खाणारे लॅक्टो-ओव्हो, फक्त दूध घेणारे लॅक्टो, फक्त अंडं खाणारे ओव्हो. व्हीगन प्राण्यापासून आलेलं काहीच घेत नाहीत, आणि बरेच जण चामडं, लोकर, रेशीमही वापरत नाहीत. जैन आहारात दूध चालतं, पण कंदमुळं वर्ज्य. म्हणजे तिथे रेघ वनस्पतींच्या आतूनही जाते. मासे खाणारे पेस्केटेरियन आणि 'एरवी शाकाहारी, कधीमधी मांस' असे फ्लेक्सिटेरियन या दोघांना मी शाकाहारी म्हणत नाही. राग नाही, पण मासा काही झाडाला लागत नाही.

या सगळ्यावर मला सर्वात प्रामाणिक वाटतो तो गांधीजींचा लंडनमधला पेच. १८८८ मध्ये विलायतेला निघताना त्यांनी आईला मांस न खाण्याचा शब्द दिला होता. तिथे त्यांना 'मांस' या शब्दाच्या तीन व्याख्या भेटल्या. पहिली, मांस म्हणजे फक्त पशुपक्ष्यांचं. मासे, अंडी चालतील. दुसरी, कुठल्याही जिवाचं. मासे गेले, अंडी राहिली. तिसरी, जिवापासून निघालेलं सगळंच. अंडी गेली आणि दूधही गेलं. सोयीची व्याख्या निवडायला कोणी अडवलं नव्हतं, काही दिवस ते अंडी खातही होते. मग त्यांनी ठरवलं की शब्द आईला दिलाय, तर व्याख्याही आईचीच. अंडी बंद. पुढे शाकाहारी खानावळीतसुद्धा प्रत्येक पदार्थात अंडं आहे का, हे विचारत बसावं लागायचं.

पण हेच गांधीजी तीस वर्षांनी वेगळे वागले. त्यांनी दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये सुरू झालेल्या आजारपणात अंगात त्राण उरलं नाही, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखवली, कारण व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती. त्यांनी ते दूध घेतलं आणि नंतर कबूल केलं की व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मारला. मला दोन्ही प्रसंग सारखेच खरे वाटतात.

माझं म्हणणं एवढंच, की रेघ कुठे मारायची हे 'का' या प्रश्नावर ठरतं, आणि बहुतेकांनी (यात मीही आले) तो प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो. आता चीजच घ्या. दूध फाडायला परंपरेने वापरतात ते रेनेट दुधावरच्या वासराच्या जठरातून काढतात, अर्थात वासरू मारल्यावर. इटलीतल्या अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजला तर नियमानेच वासराचं रेनेट लागतं. बाकी बऱ्याच चीजमध्ये हल्ली सूक्ष्मजीवांकडून करून घेतलेलं रेनेट असतं, पण ते पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही. उलट दुकानातलं अंडं बहुधा फलित नसतं, त्यात पिल्लू नसतंच. मग जीव मारायचा नाही म्हणून अंडं नाकारून ते पार्मिजानो खाणारी मी नक्की काय करत होते? पण लगेच अंड्याची बाजूही घेता येत नाही. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं कुणाच्या उपयोगाची नसतात, म्हणून अनेक ठिकाणी जन्मल्याच दिवशी मारतात. आणि गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. गोऱ्ह्याचं पुढे काय होतं, हे भाची मला ऐकवतेच.

कारण पर्यावरणाचं असेल तर हिशोब पुन्हा बदलतो. किलोमागे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन पाहिलं तर गोमांस सर्वात वर आणि चीज कोंबडीच्याही वर. म्हणजे ज्याला मी आत्ता शाकाहारी म्हणायला तयार नव्हते तो फ्लेक्सिटेरियन, चीजवर जगणाऱ्या माझ्यापेक्षा हवेला कमी त्रास देत असेल. हे लिहिताना मला फार आनंद होत नाहीये.

तब्येतीचं कारण सांगणाऱ्यांना एकच म्हणेन: साखर, मैदा आणि तळण हे तिन्ही शंभर टक्के शाकाहारी आहेत.

माझीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी तळपायाला मुंग्या यायला लागल्या. तपासणीत बी-१२ तळाला. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही नाही, ते फक्त जिवाणू बनवतात. प्राण्यांमार्फत मांस, दूध, अंड्यात येतं. दूधवाल्यांना थोडंफार मिळतं, व्हीगन माणसाला मात्र गोळी किंवा वरून बी-१२ घातलेले पदार्थ लागतातच, त्यात हट्ट कामाचा नाही. मी निमूटपणे औषध सुरू केलं. आठवड्याने सहज डबी उलटून बारीक अक्षरं वाचली: कॅप्सूलचं आवरण, जिलेटिन. गुरांचं नाहीतर डुकरांचं कातडं-हाडं उकळून करतात ते. शाकाहारामुळे झालेली कमतरता मी हाडांच्या डबीतून भरून काढत होते! आतलं बी-१२ मात्र जिवाणूंनी बनवलेलं, एकदम शाकाहारी. डॉक्टरांना सांगितलं तर हसले आणि साधी गोळी लिहून दिली. तेव्हापासून चष्मा लावून पाकिटं वाचायची खोडच लागलीये. लाल रंगाच्या गोळ्या-बिस्किटांवर ई-१२० दिसलं तर तो कोचिनील किड्यांचा रंग, एवढं आता पाठ आहे.

विमानात तर मी साफ फसले होते. तिकीट काढताना 'व्हीजीएमएल' दिसलं, व्हेज असणार म्हणून टिचकी मारली. तो कोड व्हीगन जेवणाचा. दूध-अंडंवाल्यांचा 'व्हीएलएमएल', जैनांचा 'व्हीजेएमएल'. शेजारचे गृहस्थ बोटं चाटत पुडिंग खात होते आणि माझ्यापुढे चार द्राक्षं.

परवा पुन्हा जेवणाचा बेत ठरला. या वेळी ग्रुपवर लिहिलं, "शाकाहारी-मांसाहारी सांगू नका. काय चालत नाही तेवढं कळवा." भाचीची बारा ओळींची यादी आली, रेनेट, मध, ई-१२० सगळं क्रमवार. आणि मार्शमेलोवाल्याचं उत्तर: "जिलेटिन नको. आणि भोपळा नको. भोपळ्याला तत्त्वबित्त्व काही नाही, आवडत नाही."