एकटं पडायचंय? आधी डबा लावा

तुम्हाला एकटं पडायचंय ना? चांगला विचार आहे. वय पंचविशीच्या आसपास असेल, पुण्यात खोली घेतली असेल आणि कपाटात पाचसहा बरी पुस्तकं असतील, तर निम्मं काम झालंच. उरलेलं मी सांगतो. मी स्वतः सदाशिव पेठेत तीन वर्षं एकटा पडलो होतो. सहा जणांच्या खोलीत, कॉट बेसिसवर. हे मुद्दाम सांगितलं, नाहीतर तुम्ही म्हणाल की एकटं पडायला जागा पुरत नाही. मर्ढेकरांच्या कवितेतले उंदीरसुद्धा एकाच पिपात दाटीवाटीनेच मेले होते.

तर सगळ्यात आधी डबा लावा. हसू नका. एकटेपणावरची पुस्तकं आपण मान डोलावत वाचतो, पण त्यातल्या माणसाला जेवायला कोण घालत होतं, हे कुणी बघत नाही. काफ्का या लेखकाचा ग्रेगोर साम्सा घ्या. 'मेटामॉर्फोसिस' ही 1915 साली छापून आलेली गोष्ट. फिरता विक्रेता सकाळी जागा होतो, तर किडा झालेला. आणि काळजी कसली, तर पाचची गाडी चुकली! (डोंबिवलीच्या माणसाला हे एका फटक्यात समजतं, समीक्षकाला चाळीस पानं लागतात.) गाडी चुकली म्हणून कंपनीचा माणूस थेट घरी चौकशीला येतो. पण पुढे दार लावून घेतलेल्या त्या खोलीत खाणं कोण आणून ठेवतं? धाकटी बहीण. पहिल्या दिवशी दुधात पाव कुस्करून देते. तो तोंड लावत नाही म्हटल्यावर शिळी भाजी, हाडं, चीज असं काय काय कागदावर मांडून बघते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या एकट्याचा डबा असा घरपोच चालू होता. बहिणीचं लक्ष उडालं आणि मग तो संपला.

फ्रेंच लेखक कामूच्या 'द आउटसायडर' या 1942 सालच्या कादंबरीतला मरसो तर आपल्या सगळ्यांचा लाडका. आई गेली तर रडला नाही, तिला पुरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमाला गेला. खुनाच्या खटल्यातही सरकारी वकील खुनापेक्षा त्या न रडण्यावरच जास्त बोलतो. अशा माणसाच्या बाजूने साक्ष द्यायला कोण येतं? सेलेस्त, त्याचा खानावळवाला. आता बोला. तुमचा मेसवाला तुमच्यासाठी कोर्टात उभा राहील का, याची आजच खात्री करून घ्या, नसेल तर मेस बदला.

आपल्याकडे यायचं तर 'कोसला'शिवाय गत्यंतर नाही. 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचे. तुमची अजून एकही कादंबरी आलेली नाही ही तुटलेपणाची जमेची बाजू समजा. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, होस्टेलात राहतो, त्याला सगळं फोल वाटतं आणि शेवटी तो गावी परत जातो. बोलताना त्याच्यासारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पेरत जा, लोक आपोआप दूर होतील. मात्र एक लक्षात ठेवा. ज्या वडिलांशी त्याचं पटत नाही, ते पैसे पाठवत असतात, आणि सगळं फोल ठरल्यावर परत जायला घर असतं, शेत असतं. तेव्हा एकटं पडण्याआधी सातबारा तपासून घ्या. कादंबरी 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अर्पण केली आहे, आणि गेली साठ वर्षं तिचा प्रत्येक वाचक स्वतःला उरलेला एक समजतो. हा हिशोब मला अजून जमलेला नाही.

एवढंच कशाला, तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' असं त्यांनीच म्हटलंय, पण त्याच अभंगाच्या सुरुवातीला झाडावेलींना सोयरे करून घेतलंय, हे सोयीस्कर विसरायचं. आणि त्यांची बायको जिजाई उन्हातान्हात डोंगर चढून भाकरी पोचवत होती, असं परंपरा सांगते. तिच्या पायात काटा मोडला, तो म्हणे विठ्ठलाने काढला. डोंगराच्या वर एकांत होता. डोंगर चढणाऱ्या बाईला जे काही होतं त्याला काय म्हणायचं, ते कुणी ठरवलेलं नाही.

आता शब्दांकडे वळू. 'मला एकटं वाटतंय' असं चुकूनही म्हणू नका. मावशी लगेच म्हणेल, 'अरे मग ये की दोन दिवस राहायला,' आणि तुमचा अस्तित्ववाद उकडीच्या मोदकांत बुडेल. 'मी परात्म झालोय' असं म्हणा, मावशी बोलावणार नाही. शब्द भारदस्त आहे, अर्थ एवढाच की सगळ्यांना आणि स्वतःलाही परका. मार्क्सने 1844 साली पॅरिसमध्ये बसून या गोष्टीवर टिपणं काढली, ती 1932 साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, पुस्तकरूपात आली. त्याचं म्हणणं साधारण असं, की कामगार जी वस्तू घडवतो ती त्याची राहत नाही, मग कामही त्याचं राहत नाही, आणि असं करत करत तो स्वतःला आणि शेजारच्या माणसालाही परका होतो. हे सगळं कारखान्यातल्या माणसाबद्दल होतं. पण कारखान्यातल्या माणसाला ते वाचायला सवड मिळेना, म्हणून आपण वाचणाऱ्यांनी ते वापरायला घेतलं. आता त्याच्यावर आपलाच ताबा आहे. प्रबंधही आपलेच, परिसंवादही आपलेच.

म्हणून सावध राहा. तुमच्या आसपास काही लोक विनापरवाना एकटे पडत असतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पाहा. बारा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गाव दीड हजार किलोमीटर लांब, आणि तीनशे माणसं रोज समोरून जातात ती त्याला 'ए' म्हणतात. रात्री दहाला तो स्टीलच्या डब्यातून एकटा जेवतो. पण त्याला एकटा म्हणता येणार नाही, कारण त्याने काही वाचलेलं नाही. किंवा तो बिर्याणी घेऊन येणारा पोरगा. दिवसभर चाळीस घरांचं जेवण पाठीवर वाहतो आणि स्वतः गाडीला टेकून वडापाव खातो. त्याला वर यायला वेगळी लिफ्ट आहे. मार्क्सची टिपणं हातात धरून तुम्ही दार उघडता, ओटीपी सांगता आणि दार लावता. त्याच्याशी बोलू नका. बोललात तर गाव निघेल, गाव निघालं की ओळख निघेल, आणि तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

सरकारकडून फार अपेक्षा ठेवू नका. ब्रिटनने 2018 साली एकाकीपणासाठी मंत्री नेमला, जपानने 2021 साली. आपल्याकडे असं खातं निघालं तर दाखला लागेल, आणि दाखल्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. माझ्या तीन वर्षांच्या एकटेपणाची माती एका बाईने केली. डबेवाल्या काकू. खोलीतले बाकीचे दिवाळीला गावी गेले होते, मी अभिमानाने मागे राहिलो होतो, आणि ताप भरला. आता कुठे खरी चव येतेय असं वाटत होतं. दोन दिवस डबा भरलेला परत गेला. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः तीन जिने चढून वर आल्या. 'काय रे, मेलास का काय?' म्हणाल्या, आणि मऊ भात ठेवून गेल्या. वर लिंबाचं लोणचं. अशा अवस्थेत कुणी परात्म राहू शकतं का, तुम्हीच सांगा.

तेव्हा डबा लावा म्हटलं, तरी काकूंचा लावू नका. ॲपवरून मागवत जा. ॲप 'खाल्लंत का?' असं कधी विचारत नाही, फक्त चांदण्या मागतं. काकूंचा आधीच लावला असेल, तर महिन्याचे पैसे देऊन मोकळे व्हा आणि डबे मोजून परत करा. एक जरी झाकण राहिलं, तरी त्या फोन करतात.