शंभराचा स्टॅम्प

दादाचा फोन रविवारी येतो. हिंगणा एमआयडीसीतलं त्याचं वर्कशॉप त्या दिवशी बंद असतं. बागेतले बाक, ट्री गार्ड, शाळांची फाटकं, असला माल तो बनवतो. हाताखाली अकरा माणसं. परवा त्यानं विचारलं, "तुमच्या तिकडे कार्पोरेशनचं काम कसं भेटते बे? इकडे तं सेटिंगशिवाय पान हालत नाही."

हाच वाद आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर बारमाही चालू असतो. कुठे नवाकोरा सिमेंट रस्ता पाइपलाइनसाठी फोडला की सुरू. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून तर प्रत्येक निविदेच्या बातमीखाली दोन फळ्या पडतात. एक म्हणते, सगळे चोर, टक्केवारी आधीच ठरलेली. दुसरी म्हणते, आता सगळं महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आहे, ज्याला भरता येत नाही तोच रडतो. मग कोणीतरी मला ओढतं, "लंडनवाले, तुम्ही सांगा." मी बर्मिंगहॅमला राहतो, पण ग्रुपच्या नकाशात इंग्लंड म्हणजे लंडन.

योगायोग असा की माझं पोट याच धंद्यावर चालतं. एकोणीस माणसांच्या एका कंपनीत मी कौन्सिलांच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकांच्या, निविदा भरतो. बागेतले झोपाळे, घसरगुंड्या, बाक यांची देखभाल. दादा बाक बनवतो, मी बाक दुरुस्त करण्याचे कागद बनवतो.

तर आधी इकडचं सोवळं उतरवून ठेवतो. आमच्या बर्मिंगहॅम कौन्सिलनं सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे दिवाळं निघाल्याची कबुलीच. कारणं बरीच होती, त्यातलं एक म्हणजे हिशेबाची नवी संगणक प्रणाली. तिचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वर गेला आणि तरी ती धड चालेना. मार्च २०२५ पासून कचरा कामगारांचा बेमुदत संप झाला, तेव्हा माझ्या गल्लीत काळ्या पिशव्यांचे ढीग आणि त्यावर उंदीर, असं दृश्य होतं. ग्रुपवर फोटो टाकला तर पहिली प्रतिक्रिया आली, "हे तं आपलं गड्डीगोदाम दिसून राह्यलं." कोविडच्या काळात मास्क-गाऊनच्या खरेदीत ओळखीच्यांसाठी इथल्या सरकारनं वेगळी रांग लावली होती. ती बेकायदा होती, असं हायकोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. आणि कॅरिलियन ही सरकारी कामांवर पोसलेली अवाढव्य कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. ती छोट्या पुरवठादारांना १२० दिवसांपर्यंत पैशासाठी थांबवायची, त्यातले कित्येक तिच्याबरोबर गाळात गेले. सेटिंग हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, तो काही उगाच नाही.

आता दादाची गोष्ट. कार्यालयाचं नाव घेत नाही, विदर्भातलीच एक नगरसंस्था. बाकांची निविदा निघाली. दादानं ईएमडी, म्हणजे अनामत रक्कम, भरली, डिजिटल सही लावून रात्री दीडपर्यंत जागून पीडीएफ चढवल्या. तांत्रिक, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा, लिफाफा उघडला आणि हा अपात्र. दराचा लिफाफा मग उघडतच नाहीत. पोर्टलवर कारणाच्या जागी एका ओळीत 'कागदपत्रे अपूर्ण'. कोणती, ते नाही. हा सहा-सात दिवस खेटे घालत राहिला. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर. शेवटी बाहेरच्या टपरीवर एका बाबूनं चहाचा ग्लास खाली ठेवता ठेवता सांगितलं, "अहो, तुमचं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टॅम्पवर होतं ना. आता पाचशेचा लागते." ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यानं शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प केला होता. दादाकडे जुना एक उरलेला होता, म्हटलं वाया कशाला घालवायचा.

चूक दादाचीच. पण त्या चहाचे पैसे दादानं दिले आणि बाबूचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला. पुढची निविदा भरण्याआधी त्यानं त्या नंबरवर फोन केला, "जरा कागद पाहून देता का?" मी हे ऐकून गप्प झालो. ग्रुपवरच्या दोन्ही फळ्यांना जे दिसत नाही ते मला इथे दिसलं. सेटिंगची सुरुवात पाकिटापासून होत नाही. कागदावर यायला हवी होती ती माहिती माणसाच्या तोंडी राहिली की त्या माणसाला भाव येतो. आज चहा, उद्या दिवाळीची मिठाई, परवा तो स्वतःच म्हणेल की किती टक्के. पोर्टल आणल्यानं लिफाफे चोरीला जायचे थांबले, ते खरंच मोठं काम झालं. पण हरलेल्याला का हरलास हे सांगायची सवय पोर्टलबरोबर आली नाही.

मी इकडे पहिली मोठी निविदा हरलो, तेव्हा शेजारच्या कौन्सिलकडून दोन पानी पत्र आलं. प्रश्न चौथा: शनिवार-रविवारी झोपाळ्याची साखळी तुटली तर काय कराल? आम्हाला ५ पैकी ३ गुण. कारण लिहिलं होतं: 'चार तासांत पोचू म्हणता, पण कोण येणार आणि सुटे भाग कुठून आणणार, याचा उल्लेख नाही.' जिंकणाऱ्याचे गुणही शेजारी छापलेले. ते वाचून मालकाला राग आला, मला शरम वाटली. पुढच्या निविदेत आम्ही दोन फिटरची पाळी, व्हॅनमध्ये कोणत्या साखळ्या असतात, गोदाम किती मैलांवर, सगळं लिहिलं. ते काम मिळालं. दर आमचा सगळ्यात कमी नव्हता. किंमतीला शंभरापैकी चाळीसच गुण होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे खरेदीचा नवा कायदा लागू झाला. मोठ्या कंत्राटांत हा गुणांचा तपशील प्रत्येक स्पर्धकाला द्यायचा आणि त्यानंतर कामाचे आठ दिवस थांबूनच करार करायचा, म्हणजे कोणाला भांडायचं असेल तर वेळ मिळावा. आपल्याकडे केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत निविदा फेटाळल्याबद्दल विचारण्याची सोय आहे. महापालिकेत माहितीचा अधिकार वापरता येतो, पण उत्तराला ३० दिवस. तोवर वर्क ऑर्डर निघून बाक बसलेलेही असतात. नागपूरच्या नव्या-जुन्या नगरसेवकांना माझं एकच मागणं असेल, अपात्र ठरवताना कागदाचं नाव आणि त्यातली खोट, दोन ओळी लिहायला लावा. त्याला ना निधी लागतो ना नवं ॲप.

बिलाचे पैसे वेळेवर मिळण्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. इकडे सरकारी बिल ३० दिवसांत द्यावं लागतं आणि ठेकेदारानं पुढे पोटठेकेदारालाही त्याच मुदतीत द्यावं, असा नियम आहे. आमच्याकडे तो बहुधा पाळला जातो. भारतातला कायदा व्याजाच्या बाबतीत कागदावर याहून कडक आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचा माल घेतला तर ४५ दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे २००६ पासून लिहिलेलं आहे. दादाला विचारलं, कर ना तक्रार. तो हसला. "ज्याच्याकडून पुढचं काम घ्याचं, त्याच्यावरच व्याज लावू?" म्हणून तो आता दर भरताना सहा महिन्यांचं व्याज आत धरतो. त्याचा बाक त्यामुळे महाग पडतो, आणि तो महाग बाक नागपूरकराच्याच कराच्या पैशातून येतो. जो हे व्याज धरत नाही, तो अंदाजपत्रकाच्या तीस टक्के खाली जाऊन एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, होतो आणि पातळ पत्रा वापरतो. बाकावर दोन पावसाळ्यांत गंज का चढतो, याचं उत्तर लेखा विभागात आहे.

मी दादाला सांगितलं ते एवढंच. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे म्हणून ईएमडी माफ असेल असं धरू नकोस, प्रत्येक निविदेची अट वाच. शुद्धिपत्रक निघालं का, ते शेवटच्या दिवसापर्यंत बघ. आणि निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीला जा, बाबूला फोन करण्यापेक्षा तिथे सगळ्यांसमोर विचार.

तो गेला. बैठकीला नऊ जण होते, आठ जण मोबाइल पाहत बसलेले. दादानं विचारलं, "पत्र्याची जाडी रंगासकट मोजणार की रंगाशिवाय?" इंजिनीअरनं वर पाहिलं, वहीत लिहून घेतलं. चार दिवसांनी शुद्धिपत्रक आलं: रंगाशिवाय.

दादा रविवारी फोनवर वैतागलेला होता. "प्रश्न म्या विचारला आन् उत्तर बाकी आठांना फुकट!"