'टेक म्हणजे नेमेन' हे पाठ करू नका

भाचीने काल एक फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न: "मावशी, एवढं पाठ केलं की झालं ना?" ती जर्मनीत नर्स म्हणून जायची तयारी करतेय. फॉरवर्ड म्हणतो, इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या बहिणी. शंभर इंग्रजी क्रियापदांना शंभर जर्मन शब्द घोका, 'टेक' म्हणजे 'नेमेन', 'नो' म्हणजे 'विसेन', उरलेलं अ‍ॅप बघून घेईल.

बहिणी आहेत, मान्य. टॅक्सी घ्यायची तर 'नेमेन' चालतं, गोळी घ्यायलाही बोलताना चालतं. पण वॉर्डात 'टेक' एवढ्यावर थांबत नाही. बीपी घ्यायचं तर 'मेसेन', म्हणजे मोजणं. पेशंटला एक्स-रेला न्यायचं तर 'ब्रिंगेन'. वेळ लागतो तिथे 'डाउअर्न'. आणि रक्त घ्यायचं तर 'आबनेमेन', तेही तोडून: 'इश नेमे ईनेन ब्लूट आब'. शेवटचा 'आब' खाल्लात तर वाक्य अर्धवट लटकतं.

या 'आबनेमेन'साठी डूडेन शब्दकोश उघडून बघा. टोपी काढणं, फोन उचलणं, वजन कमी होणं, चंद्राची कला घटणं, सगळं त्यात. परीक्षकाने परीक्षा घेणंही 'आबनेमेन'च. परीक्षा देणाऱ्यासाठी मात्र 'आबलेगेन'. इंग्रजीत उमेदवारही परीक्षा 'टेक'च करतो. मराठीत आपण देणारा आणि घेणारा यांत कधी गोंधळ घालतो का? घेणं, नेणं, काढणं, मोजणं, लागणं ही फोड आपल्याकडे आयतीच आहे. मग मधे इंग्रजीचा दलाल कशाला?

'नो'चंही तेच. माहीत असणं 'विसेन', ओळखणं 'केनेन'. 'मला जर्मन येतं' म्हणजे 'इश कान डॉइच', त्यात 'बोलता' घालायचीही गरज नाही. माणसाला ओळखते म्हणताना 'विसेन' वापरलं की समोरचा भुवया उंचावतो.

सारखे दिसणारे शब्द? 'बेकोमेन' दिसतो इंग्रजी 'बिकम'सारखा, पण अर्थ होणं नाही, मिळणं. पुढे बोलायलाच नको.

राहिलं अ‍ॅप. पूर्ण वाक्य दिलं तर बरं भाषांतर करतं, नाही म्हणत नाही. पण नर्सच्या नोंदणीला तिथल्या बहुतेक राज्यांत बी-टू, म्हणजे मध्यम-वरच्या पातळीचं जर्मन लागतं, आणि तोंडी परीक्षेत फोन बाहेर ठेवतात. भाचीला सांगितलं, त्या यादीतली इंग्रजी बाजू खोडून तिथे मराठी वाक्यं लिही. शब्द नाही, वाक्यं.