माळकऱ्याचं ड्रिंक पॅकेज

क्रूझचं तिकीट काढताना माणूस बऱ्यापैकी शांत असतो. खोली खिडकीची घ्यायची की बाल्कनीची, एवढाच प्रश्न असतो आणि तो खिसाच सोडवतो. घोळ सुरू होतो तो नंतर, कंपनीच्या ॲपवर ‘ड्रिंक पॅकेज, फक्त आज ३० टक्के सवलत’ अशी पट्टी झळकायला लागते तेव्हा. पॅकेज म्हणजे रोजची ठरावीक रक्कम भरायची आणि जहाजावर पेयं घ्यायची, प्रत्येक ग्लासाचे वेगळे पैसे नाहीत. ३० टक्के कशावर, हे विचारायचं नसतं. या पॅकेजला छापील किंमत अशी नसतेच. जहाज बदललं, तारीख बदलली की भाव बदलतो, आणि त्याच तारखेचा भावसुद्धा सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. आपल्याकडे कांद्याचे भाव तरी आधी बातम्यांत येतात.

आपल्या मंडळींची नेहमीची सफर घेऊ : सिंगापूरहून रॉयल कॅरेबियनचं जहाज, चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत. दारूसकटचं मोठं पॅकेज समजा माणशी रोज ७५ डॉलरला मिळतंय. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ८८.५० डॉलर. हे रोजचे, आणि सगळ्या दिवसांचे. ‘फुकेतला आम्ही दिवसभर खाली आहोत, तो दिवस वगळा’ असं चालत नाही. दोघांचे चार रात्रींचे झाले ७०८ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी साठ हजारांच्या वर. एवढ्यात गावाकडच्या घराला रंग देऊन होतो.

आता वसुली. सेवाशुल्क सुट्या ग्लासावरही तेवढंच लागतं, म्हणून हिशोबात ते दोन्हीकडून उडवा आणि नुसते भाव ताडून बघा. कॉकटेल १४ डॉलरच्या आसपास, बिअर ९, वाफाळती कॅपुचिनो ५, पाण्याची बाटली साडेतीन. नुसती कॉकटेलं घेणाऱ्याचे पैसे सहाव्या ग्लासाला फिटतात, नुसती बिअर घेणाऱ्याचे नवव्या कॅनला. मिसळ करायची तर तीन कॉकटेलं, दोन बिअर, दोन कॉफ्या आणि दोन बाटल्या पाणी : ७७ डॉलर. दोन डॉलर फायदा! मात्र हे रोज, चारही दिवस, दोघांनीही करायचं आहे.

आणि ‘दोघांनीही’ हाच खरा काटा. एका खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्या खोलीतल्या कायद्याने पिण्याजोग्या वयाच्या प्रत्येकाने ते घ्यायचं, असा नियम आहे. कारण उघड आहे. जहाजाने दिलेल्या एकाच्या कार्डावर दोघं पिणार, हे कंपनीला आपल्यापेक्षा आधी सुचलेलं असतं. पण या नियमाला मराठी घराची रचना ठाऊक नाही. आपल्याकडे एक जण ‘कधीतरी, कंपनीपुरती’ घेणारा असतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. जहाजाच्या लेखी दोघे सारखेच तहानलेले. माळकऱ्याच्याही नावावर ३५४ डॉलर चढतात आणि त्या बदल्यात तो चार दिवस लिंबू-सोडा पितो. त्यात तिसऱ्या बर्थवर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा असेल तर आणखी मजा. सिंगापूरहून निघणाऱ्या या जहाजांवर पिण्याचं वय १८ आहे. महाराष्ट्रात ज्याला सौम्य बिअरसाठीसुद्धा २१ पर्यंत थांबावं लागतं, त्याच्यासाठी इथे आईवडिलांनी स्वतःच्या पैशाने पॅकेज घ्यायचं. ही संस्कारांची कुठली पायरी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पॅकेज न घेता हाच संसार कसा चालतो ते पाहा. पिणाऱ्याच्या दोन बिअर, एक कॉकटेल, एक कॉफी : ३७ डॉलर. माळकऱ्याची एक कॉफी आणि एक आठ डॉलरचं मॉकटेल : १३. मिळून ५०, सेवाशुल्कासह ५९. चार दिवसांचे २३६. पॅकेजच्या बरोबर एक तृतीयांश. तरीही लोक पॅकेज घेतात, कारण प्रत्येक ग्लासाला सही करताना काळजात जी कळ येते ती एकदाच येऊन जावी, अशी इच्छा असते. तिला मी हसत नाही. पण पुढे काय होतं ते एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासासारखं असतं. पास काढला म्हणून माणूस ज्या गावाला काडीचं काम नाही तिथेही जाऊन येतो. सकाळी अकराला तरणतलावाच्या काठावर, जेवणाआधी, छत्री खोचलेला निळा ग्लास हातात घेऊन बसलेला गृहस्थ मजा करत नसतो, तो वसुली करत असतो. त्याच्या चेहऱ्यावर मार्चअखेर दिसतो.

वसुलीला वेळही पुरत नाही. पहिल्या दिवशी जहाजात शिरेपर्यंत दुपार होते. बंदराच्या दिवशी सकाळी खाली उतरलं की संध्याकाळपर्यंत पॅकेज वर आणि आपण खाली. फुकेतच्या किनाऱ्यावर ते कार्ड कोणी विचारत नाही. शेवटच्या सकाळी फार तर कॉफी. सलग समुद्रात असलेला दिवसच काय तो खरा, आणि चार रात्रींच्या सफरीत तो मोजून एक येतो. सात रात्रींत समुद्रातले दिवस जास्त असतील आणि दोघेही बऱ्यापैकी घेणारे असतील, तर मात्र खुशाल घ्या.

कागदावरच्या बारीक अक्षरांकडे लक्ष असू द्या. रॉयल कॅरेबियनच्या पॅकेजमध्ये १४ डॉलरपर्यंतचा ग्लास बसतो, त्यावरच्या ग्लासाला वरचा फरक भरावा लागतो. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं यात धरत नाहीत. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीच्या पॅकेजला २४ तासांत १५ दारूच्या ग्लासांची मर्यादा आहे आणि दोन ग्लासांमध्ये पाच मिनिटं थांबावं लागतं. पंधरावा ग्लास मागू शकणाऱ्याला पाच मिनिटं झाली हे कसं कळतं, हे मला न सुटलेलं कोडं आहे. सुटं घेत असाल तर पावती नीट बघा : सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, आणि खाली ‘आणखी टिप’ अशी एक रिकामी ओळ असते. ती रिकामी ठेवली तर कोणी रागावत नाही. संकोची माणूस तिथे आकडा लिहितो आणि टिप दोनदा जाते.

फुकट काय, हे आधी पाठ करावं. बुफेमधलं पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लिंबूपाणी, नाश्त्याचा रस. पाणी समुद्राचंच, पण ऊर्ध्वपातन किंवा आरओ करून, क्लोरिन घालून दिलेलं, निर्धास्त प्यावं. घरून रिकामी बाटली नेली की साडेतीन डॉलरचा विषय मिटला. मुलांना शीतपेयं हवीच असतील तर त्यांचं वेगळं, स्वस्त पॅकेज असतं. त्याच्यासोबत चिप बसवलेला पेला मिळतो. मशीन चिप ओळखतं तेव्हाच पेय सोडतं, साधा ग्लास लावून बटणं दाबत बसलात तर थेंब येत नाही. दारू नको पण चांगली कॉफी, मॉकटेलं, ताजे रस हवेत, त्यांच्यासाठी मधलं पॅकेज आहे, आणि त्याला खोलीतल्या सगळ्यांची अट नाही. माळकऱ्याचा खरा आसरा तोच.

घ्यायचंच ठरलं तर निघण्याआधी ॲपवर घ्या, जहाजावर साधारणपणे महाग पडतं. आधी घेतलेलं ठरावीक मुदतीपर्यंत रद्दही करता येतं, म्हणून भाव उतरला की जुनं रद्द करून नवं घ्यायचं. परकीय चलनाचं शुल्क नसलेलं कार्ड वापरा, नाहीतर बँक दोन-साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी अलगद काढून घेते.

शिवाय चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची एक वाइनची बाटली सोबत नेता येते. जहाजाच्या ड्यूटी-फ्री दुकानातली बाटली मात्र शेवटच्या दिवशीच हाती देतात. मुंबईच्या विमानतळावर माणशी दोन लिटर करमुक्त आणता येते. तिथे माळ कोणी बघत नाही, आणि माळकऱ्याचे दोन लिटर चारचौघांत आनंदाने मोजले जातात.