तुझ्याकडे असलेलं बरं

आमच्या वडिलांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स गेल्या रविवारपासून सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी झळकत असून, त्यावरील वडिलांचा चेहरा नुकतीच फरशी बसवल्यासारखा चौकोनाचौकोनांचा दिसतो. खालच्या कोपऱ्यात ‘छायाचित्र सौजन्य’ म्हणून माझ्या पुतण्याचे नाव आहे. मूळ छायाचित्र मी काढलेले आहे. ही बाब मी घरात आतापर्यंत चार वेळा, आवाज न चढवता, सांगितली. पाचव्यांदा सांगू लागलो तेव्हा बायकोने मिक्सर सुरू केला.

यंदाच्या पावसाळ्यात तीन महिने, रोज रात्री जेवणानंतर, मी घराण्यातल्या 41 हजार छायाचित्रांची लावालाव केली. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग अशी फोल्डरची नावे दिली, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात. कॅमेरा किंवा मोबाइल प्रत्येक छायाचित्राच्या पोटात ते काढल्याची तारीख आणि वेळ नोंदवून ठेवतो; परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून फिरून आले की ही नोंद पुसली जाते, आकार आटतो आणि नावात पाठवणीची तारीख येऊन बसते. त्यामुळे 2012 सालची मुंज 2019 च्या फोल्डरमध्ये शिरते, जेव्हा तो बटू दहावीच्या क्लासला जात असतो. अशा भटक्यांना हाताने धरून आपापल्या वर्षात परत नेऊन बसवणे हे काम पाहुण्यांच्या चपला लावण्याइतकेच मानाचे आहे.

हे काम मला कोणी सांगितले होते, असे आपण विचाराल. सगळ्यांनी. गूगल फोटोजने 1 जून 2021 पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि 15 जीबीची वेस आखली, तेव्हापासून आमचे यच्चयावत नातेवाईक मोबाइल भरला की मला गाठतात, सगळे माझ्या संगणकावर ओततात आणि ‘तुझ्याकडे असलेलं बरं’ असे म्हणून मोकळ्या मोबाइलने घरी जातात.

तर वडिलांचा एक चांगला फोटो फ्लेक्सवाल्याला द्यायचा, हे काम अर्थातच माझ्याकडे आले आणि मी हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून दुकानात गेलो. तेथे प्लास्टिकच्या खुर्चीत, डोळ्यांवर गॉगल लावून, वाळव्याकडचे एक गृहस्थ बसलेले होते. दुकानातला मुलगा त्यांना अण्णा म्हणत होता. अण्णांना त्यांच्या सर्जा नावाच्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून घ्यायचा होता. खाली शुभेच्छुक म्हणून बत्तीस चेहरे बसवायचे असल्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता.

पहिला अडथळा केबलचा आला. माझ्या हार्ड डिस्कला ती रुंद, दोन खणांची पिन लागते आणि ती केबल घरी, ‘केबल्स’ असे लेबल लावलेल्या डब्यात, सुरक्षित होती. मी उठू लागलो तेवढ्यात अण्णांनी डिस्क हातात घेतली, फिरवून पाहिली, मुलाच्या टेबलावरची जुन्या मोबाइलच्या चार्जरची केबल उचलली आणि तिची बारकी पिन त्या रुंद खाचेच्या मोठ्या खणात दाबून बसवली. दिवा लागला.

“बसतीय की अर्ध्यात,” अण्णा म्हणाले.

वेग तेवढा कमी मिळतो, बाकी चालते. हे मला ठाऊकच होते, असे मी म्हणालो. मला ठाऊक नव्हते.

दुसरा अडथळा खुद्द वडिलांचा होता. मी फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलो आणि वडील प्रत्येक छायाचित्रात कडेला उभे, अर्धा कान चौकटीबाहेर, किंवा पंगतीत मान खाली घालून आमटी ओढताना सापडत गेले. मी सगळे प्रसंगाप्रमाणे लावले होते आणि आमचे वडील हा काही प्रसंग नव्हे.

“किती फोटो हायती म्हणालासा?” अण्णांनी विचारले.

“41 हजार.”

“आन् त्यात वडील न्हाईत?” असे म्हणून त्यांनी आपल्या मोबाइलवर दोनदा बोट फिरवले आणि सर्जाचा फोटो माझ्यासमोर धरला. शिंगांना रंग, पाठीवर झूल, मान किंचित तिरपी आणि नजर थेट कॅमेऱ्यात. इतका चांगला फोटो आमच्या घरात कोणाचाही नाही.

“तुम्ही पुराच्या आदीचा बघा की.”

“कुठल्या पुराच्या?”

“पाचचा, एकोणीसचा, एकवीसचा. आमी तसंच लावतो बगा. सर्जा एकोणीसच्या म्होरला. तारखा कुणाच्या ध्यानात ऱ्हात्यात?”

येथे मी चूक केली. बॅकअपचा नियम मी त्यांना, थोडा चढा सूर लावून, समजावून सांगितला: कोणत्याही गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकावर, दुसरी या हार्ड डिस्कवर आणि तिसरी पेनड्राइव्हवर, असा माझा हिशेबही दिला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मग घराभाईरची कुठं ठेवली?”

“ते अद्याप ठरायचे आहे. सध्या सगळे एकाच कपाटात असते. लॅपटॉपसुद्धा.”

“घर कुठं म्हणायचं?”

“गावभागात.”

“वर का खाली?”

“तळमजल्याला.”

अण्णांनी गॉगल काढला. फ्लेक्सच्या मुलाचा माऊसवरचा हात थांबला.

“एकोणीसला पाणी कुठवर आलतं?”

“स्विचबोर्डापर्यंत,” मी म्हणालो.

यावर कोणी हसले असते तर मला भांडता आले असते. पण ते दोघेही कोणाच्या तरी घरी सांत्वनाला आल्यासारखे गप्प बसले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट धरतात आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट मी तेथे बोललोच नाही. 2005 च्या पुरात आमचे सगळे अल्बम याच कपाटात होते. पाणी ओसरल्यावर पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली होती आणि आईने ओढून काढलेल्या तिच्या लग्नाच्या फोटोत वडिलांचा फक्त फेटा उरला होता. त्या धसक्यानेच मी या उद्योगाला लागलो होतो. पत्र्याचे ते कपाट नंतर आम्ही रंगवून घेतले.

तेवढ्यात पुतण्याने दुकानातल्या मुलाच्या मोबाइलवर वडिलांचा फोटो पाठवूनही दिला. कोणत्या ग्रुपवरून कोणत्या ग्रुपवर फिरत तो आला असेल ते देव जाणे. चार फूट रुंदीच्या चेहऱ्याला जेमतेम दोनशे ठिपके, म्हणजे इंचाला चार. मी हरकत घेतली. “लांबनं दिसतंय की चांगलं,” अण्णांनी निकाल दिला आणि मुलाने छपाई सुरू केली.

त्या रात्री मूळ छायाचित्र मला सापडले. ते ‘2017-05-14 विटा लग्न’ या फोल्डरमध्ये होते, इतके स्वच्छ की वडिलांच्या खिशातल्या पेनाच्या टोपणावरचा ओरखडाही मोजता यावा. वडिलांना मी ते दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि “फ्लेक्सवरचा जास्त चांगला आलाय,” असे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क, केबलसह, विश्रामबागला बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. या 41 हजारांपैकी एकही छायाचित्र गेल्या तीन महिन्यांत कोणी माझ्याकडे मागितलेले नाही. त्या फ्लेक्सचे फोटो मात्र आतापर्यंत सतरा जणांनी मला पाठवले आहेत, आणि बहुतेकांनी खाली लिहिले आहे की तुझ्याकडे असलेलं बरं.